विटाळाचा लिलाव

मित्रहो, आधी एक प्रश्न. खुर्चीला जात असते का?

हसण्यावारी नेऊ नका. असते. मुंबईत जुन्या सामानाचे लिलाव होतात. त्यांची गुळगुळीत कागदावर छापलेली यादी कधी हातात पडली तर वाचून बघा. अमुक संस्थानच्या वाड्यातली शिसवी खुर्ची. तमुक शेठ घराण्याच्या बंगल्यातला चिनी मातीचा डिनर सेट, एका बशीला बारीक तडा. वस्तूच्या फोटोखाली बारीक अक्षरांत तिचा इतिहास : आधी कुणाची, मग कुणाकडं गेली, मग कुणी विकली. त्या धंद्यात याला ‘प्रोव्हेनन्स’ म्हणतात. आपण सरळ वंशावळ म्हणू. कारण ती वंशावळच असते. कुळ चांगलं निघालं की भाव चढतो. कुळ सापडलं नाही की त्याच लाकडाची, तेवढ्याच वयाची खुर्ची चोरबाजारात मटण स्ट्रीटवर धूळ खात पडते आणि गिऱ्हाईक तिच्या पायाला नख लावून भाव पाडून मागतं.

या वंशावळीत गंमत अशी, की तीत बसणाऱ्याचं नाव असतं, करणाऱ्याचं बहुतेक वेळा नसतं. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचं नक्षीदार फर्निचर व्हायचं. साहेबलोक ते विलायतेला न्यायचे. ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ म्हणून त्याचं अजून नाव आहे. पाठीवर, हातांवर, पायांवर, बोटभर जागा मोकळी न सोडता वेलबुट्टी कोरलेली. ही कोरणारी बोटं कुणाची? नावं गेली. शिसव घाटातल्या जंगलात तोडली कुणी, वाहून आणली कुणी? त्यांची तर नावं कुणी विचारलीच नव्हती, मग जाणार कुठली!

चिनी मातीचंही तेच. त्या काळात मुंबईच्या बंदरातून माळव्याची अफू भरून जहाजं कॅन्टनला जायची आणि परतताना चहा, रेशीम, चिनी भांडी आणायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्यांची दौलत या व्यापारात उभी राहिली. आज लिलावाच्या यादीत फुलदाणीखाली ‘कॅन्टन’ असं लिहिलेलं सापडतं. अफू लिहिलेलं सापडत नाही.

पण नुसती नावं गाळली एवढंच दुखणं असतं तर मी हे पान खर्च केलं नसतं. दुखणं त्याच्याही खाली आहे. त्यासाठी चंदीगडच्या खुर्च्यांची गोष्ट सांगतो.

१९५० च्या दशकात चंदीगड शहर उभं राहिलं. तिथल्या कचेऱ्यांसाठी, विद्यापीठासाठी पिएर जानेरे या स्विस वास्तुशिल्पकारानं सागवानाच्या आणि वेताच्या साध्या खुर्च्या आखून दिल्या. देशी सुतारांनी त्या हजारोंनी केल्या. कारकून बसले, पोरं बसली. वेत फाटला, पाय डुगडुगले, तशी खुर्च्यांची रवानगी गच्चीवर झाली आणि सरकारनं त्या भंगार म्हणून लिलावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, पुसून-पासून पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावात उभ्या केल्या. तिथं एकेकीला लाखांनी रुपये आले. मग सरकार जागं झालं. २०११ साली केंद्रीय गृहखात्यानं हुकूम काढला, की हा वारसा आहे, विकू नका, बाहेर पाठवू नका.

आता बोला. लाकूड तेच, वेत तोच, खिळे तेच. दोन्हीकडं लिलावच. मग एवढा फरक कशानं पडला? पहिल्या लिलावात ती कारकुनाच्या बुडाखालची खुर्ची होती. दुसऱ्या लिलावात ती मोठ्या माणसाच्या हातची खुर्ची झाली. म्हणजे लिलावात लाकूड विकलं गेलं नाही. स्पर्श विकला गेला.

जरा थांबू या. कुणाचा तरी हात लागल्यानं वस्तूची किंमत बदलते, हा सिद्धांत आपण आधी कुठं ऐकलाय?

आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलाय. कानानं नव्हे, पाठीनं. महाराची सावली पडली की पाणी बाटलं. मांगाचा हात लागला की भाकर बाटली. माणसाच्या अंगातून काहीतरी निघतं, ते वस्तूला चिकटतं आणि वस्तू धुतली तरी जात नाही, ही जातीची मूळ समजूत. लिलाववाल्याची समजूत हीच आहे, फक्त उलट्या बाजूनं. राजाच्या अंगातून काहीतरी निघालं, ते खुर्चीला चिकटलं, शंभर वर्षं पॉलिश मारलं तरी गेलं नाही. एकाच्या स्पर्शानं भाव पडतो, दुसऱ्याच्या स्पर्शानं चढतो. तराजू एकच. राजाची खुर्ची पवित्र मानणाऱ्यानं, त्याला कळो न कळो, आपला कप बाटका मानण्याची अर्धी वाट चालून टाकलेली असते.

कुणी म्हणेल, हे ओढूनताणून आणलंय. तर मग कपाकडंच वळू या.

अठराव्या शतकाच्या अखेरीला इंग्लंडात, स्टोक-ऑन-ट्रेंट भागात, जोसाया स्पोड या कुंभार-कारखानदारानं चिनी मातीचा एक नवा प्रकार जमवून आणला. त्याला ‘बोन चायना’ म्हणतात. बोन म्हणजे हाड. हे नुसतं नाव नाही. गुरांची हाडं भट्टीत जाळायची, त्यांची राख कुटायची आणि पांढऱ्या मातीत, दगडाच्या भुकटीत मिसळायची. निम्म्याच्या आसपास मालमसाला ही हाडाची राखच. तिच्यामुळं कप पांढराशुभ्र होतो, पातळ होतो, आणि उजेडात धरला तर पलीकडच्या बोटाची सावली दिसते. हाच कप साहेबाच्या टेबलावरून आपल्याकडच्या बड्या घरांच्या काचेच्या कपाटात आला. लिलावात त्याच्यावर उड्या पडतात.

आता मेलेलं ढोर गावाबाहेर कोण ओढत होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. कातडं कोण सोलत होतं, कोण कमावत होतं, हेही नको. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत आपल्या माणसांनी ठराव केला, की मेलेली ढोरं ओढणार नाही, मेलेल्याचं मांस खाणार नाही. तोवर पिढ्यान् पिढ्या तेच काम आणि त्याच कामाचा विटाळ. गुराचं हाड ओढणाऱ्याच्या हाताला लागलं तर विटाळ. गुराचं हाड शेठजीच्या ओठाला लागलं तर खानदान. चामड्याच्या कोचावर बसताना कुणी अंघोळ केल्याचं ऐकलंय? तेव्हा विटाळ हाडात नव्हता, कातड्यात नव्हता. वस्तू बिचारी कोरी असते. तिच्यावर आधी माणूस लिहितात आणि मग किंमत.

दुसरा कप आपला. चहाच्या हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेला, कान तुटलेला. आपणच घ्यायचा, आपणच विसळायचा, पालथा घालून परत ठेवायचा. चहा वरून ओतला जायचा. दलित साहित्यात हा कप इतक्यांदा आलाय, की काही समीक्षकांना त्याचा कंटाळा येतो. येवो. १९५५ साली या देशाच्या संसदेला अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा करताना चौथ्या कलमात खास लिहावं लागलं, की हॉटेलात सगळ्यांसाठी ठेवलेली भांडी वापरायला अस्पृश्यतेच्या नावाखाली मज्जाव केला तर तो गुन्हा आहे. १९७६ साली दुरुस्ती होऊन त्या कायद्याला नागरी हक्क संरक्षण हे नाव मिळालं. कपबशीसाठी कायदा करावा लागलेला हा देश. त्या कान तुटलेल्या कपाला लिलावात कोण बोली लावील? कान तुटला की बोन चायनाचीही किंमत पडते, मग आपला तर साधाच.

आणि बाबासाहेब. १९१७ साली अमेरिकेत शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कचेरीतले शिपाई फायली लांबून टेबलावर फेकायचे. साहेब जायला उठले की जाजम गुंडाळून घ्यायचे. राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी असल्याचं सांगून पारशी सराईत उतरले. तिथल्या वरच्या दिवाणखान्याचं वर्णन त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यात मोडक्या खुर्च्या, बाकं, फळ्या असली अडगळ भरलेली होती आणि रात्री दिवा नव्हता. त्याच्याही आधी साताऱ्याच्या शाळेत त्यांना कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी पोरानं ते गुंडाळून घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं.

या देशात बसण्याच्या जितक्या वस्तू झाल्या, सिंहासनं, मसनदी, गाद्या, त्या सगळ्यांत ज्यानं सगळ्यात जास्त शिकवलं ते आसन म्हणजे ते गोणपाट. त्याची वंशावळ कुठल्याच यादीत नाही. ते कधीच झिजलं, फाटलं, गेलं. गोणपाट जपण्यासाठी घरात काचेचं कपाट असावं लागतं, आणि काचेचं कपाट असलेल्या घरातल्या पोराला गोणपाटावर बसवत नाहीत.

इथवर स्पर्शाचं झालं. आता लिलाव या शब्दाकडं वळू. कारण हा शब्द गरिबाच्या घरी वेगळ्याच दारानं येतो. मुंबईच्या हॉलमध्ये लिलाव म्हणजे सुटाबुटातली माणसं हातात नंबराची पाटी घेऊन बसलेली. खेड्यात लिलाव म्हणजे जप्ती. कायदा तसा शहाणा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६० वं कलम सांगतं, की कर्जदाराच्या, त्याच्या बायकोपोरांच्या गरजेच्या कपड्यांवर, स्वयंपाकाच्या भांड्यांवर, अंथरूण-पांघरुणावर जप्ती आणता येत नाही. पण भूक कुठं कोर्टातून येते? पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की भांडं आपल्या पायानं सावकाराच्या दुकानात चालत जातं. तिथं हातोडा नाही, बोली नाही, बोलणारा एकटाच.

वांगणी म्हटलं की मुंबईकराला बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. मी जव्हार तालुक्यातल्या वांगणीबद्दल बोलतोय. वावर-वांगणी असं जोडीनं नाव घेतात. १९९२-९३ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तिथं आणि आसपासच्या पाड्यांत कुपोषणानं आणि आजारानं शंभरावर पोरं गेली. देशभर बोंब झाली, मंत्री आले, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्याची कचेरी बसली. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला. २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा पेपरांचे मथळे भरले.

त्याच तालुक्यात जव्हारचा जयविलास राजवाडा आहे. संस्थान मुकणे राजांचं, राजे महादेव कोळी, म्हणजे आदिवासीच. १९४८ साली संस्थान विलीन झालं, वाडा उभा आहे, लोक हौसेनं बघायला जातात. त्या घराण्यावर मला काही ठपका ठेवायचा नाही. मला सांगायचंय ते लाकडाचं. हे सगळं सागवानाचं रान. इंग्रजानं १८७८ च्या जंगल कायद्यानं रानं राखीव करायचा सपाटा लावला आणि ज्याच्या बापजाद्यांनी रान राखलं त्याला लाकूडचोर ठरवलं. मग कुपांचे लिलाव. बोली लावणारे ठेकेदार शहरातले, कुऱ्हाड चालवणारा वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी. १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, तेव्हा ठेकेदाराचा विळखा थोडा सैल झाला. म्हणजे बघा, सागवानाचा लिलाव दोनदा होतो. एकदा ओंडका म्हणून आणि शंभर वर्षांनी वारसा म्हणून. दोन्ही वेळा तोडणारा हॉलच्या बाहेर.

आणि वांगणीच्या त्या पोरांची कुठली वस्तू उरली? नक्षीदार पाळणा नव्हता. अशा घरात पाळणा म्हणजे झोळी आणि झोळी म्हणजे आईचं जुनं लुगडं. पोर गेलं की ते पुन्हा लुगडं होतं, किंवा पुढच्या पोराची झोळी. जुन्या वस्तू जपायला दोन वस्तू असाव्या लागतात, एक वापरायला आणि एक ठेवायला. ज्याच्या घरात एकच आहे त्याचा इतिहास वापरून संपतो.

इथं आपल्यातलाच कुणी कार्यकर्ता म्हणेल, वांगणीची माणसं आपली कुठं? ती आदिवासी, त्यांचा प्रश्न वेगळा. त्याला माझा सवाल आहे. मेलेल्या पोरासाठी बोलायचं की नाही हे ठरवताना तू आधी त्याचं कुळ बघतोस, मग लिलाववाला आणि तू यांत फरक काय राहिला?

दुसरा मुद्दा जास्त अडचणीचा आहे, त्याला बगल देता येणार नाही. आपणसुद्धा वस्तू जपतोच की. बाबासाहेबांचा टाईपरायटर, चष्मा, कोट, खुर्ची, पलंग. नागपूरजवळ चिचोलीला, पुण्याला त्यांच्या वस्तूंची संग्रहालयं आहेत आणि आपली माणसं तिथं डोळ्यांत पाणी आणून उभी राहतात. मग हीही स्पर्शाचीच पूजा नाही का?

याचं उत्तर मी पिप्रहव्याच्या रत्नांवरून शोधतो. १८९८ साली उत्तर प्रदेशात, नेपाळच्या सीमेजवळ, विल्यम पेपे या इंग्रज जमीनदारानं पिप्रहव्याचा स्तूप खणला. आत बुद्धाच्या अस्थी आणि त्यांच्यासोबत पुरलेली रत्नं निघाली. अस्थी सयामच्या राजाला गेल्या, बरीचशी रत्नं कलकत्त्याच्या म्युझियमला, आणि काही पेपेच्या घरी राहिली. ही घरची रत्नं २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात निघाली. जगभरच्या बौद्धांनी आवाज केला, भारत सरकारनं नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर गोदरेज समूहाच्या मदतीनं ती भारतात आली. चांगलं झालं. पण हेही आठवा, की बुद्धाच्या अस्थींसाठी त्या वेळच्या राजांत लढाई जुंपायची वेळ आली होती आणि अखेर आठ वाटे करावे लागले. आणि ज्याच्या अस्थी त्यानं मात्र सांगून ठेवलं होतं, की माझ्यामागं धम्म हाच तुमचा शास्ता.

माझ्या मते मेख इथंच आहे. वस्तू दोन कारणांनी जपता येते. एक, तिला मोठ्याचा हात लागला म्हणून. दोन, ती साक्षीदार आहे म्हणून. पहिल्या कारणानं जपलेली वस्तू आज ना उद्या हातोड्याखाली जाते, कारण पवित्रपणाला गिऱ्हाईक असतं. २००९ साली न्यूयॉर्कला गांधींचा चष्मा, चपला, घड्याळ आणि जेवायचं ताट-वाटी लिलावात निघाली. अठरा लाख डॉलर देऊन ती घेतली कुणी, तर दारूच्या कारखानदार विजय मल्ल्यांनी. दारूबंदीसाठी जन्म घालवलेल्या माणसाचं ताट! पैशानं स्पर्श विकत घेतला, विचाराला कुणी बोली लावली नाही. साक्षीदाराचं तसं नसतं. साक्षीदार कोर्टात उभा करायचा असतो, विकायचा नसतो. बाबासाहेबांच्या टाईपरायटरला हात जोडून निघून आलात तर तुम्ही स्पर्शाचे भक्त. तिथून घरी येऊन चार ओळी वाचल्यात, लिहिल्यात, तर तुम्ही त्या साक्षीदाराची जबानी ऐकलीत.

तिसरा मुद्दा सौंदर्याचा. सुंदर वस्तू आवडणं हा काही गुन्हा नाही. शिसवीवरची वेलबुट्टी बघून मन हरखलं तर हरखू द्या. ते कोरणाऱ्याचं कसब आहे, राजाचं नव्हे. उलट ज्याला ते कसब खरोखर दिसतं, त्याला कुणाच्या बुडाखाली ती खुर्ची होती याच्याशी कर्तव्य नसतं. वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठानं काढलेली चित्रं बायांनी पिढ्यान् पिढ्या काढली आणि सारवण केलं की पुसून टाकली. त्यांना त्यांचं मोल ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? मोल होतं, किंमत नव्हती.

तेव्हा मित्रहो, नुसता निषेध नोंदवून भागणार नाही. काम करू या. आपापल्या गावात, वस्तीत, पाड्यावर एक यादी करू या. घरात उरलेलं जातं, कान तुटलेला कप कुठं राहिला असेल तर तो, पोतराजाचा कोरडा, आजीचं लुगडं, डफ, कुऱ्हाड. लिलाववाल्यांच्या यादीत गाळतात ते आधी लिहायचं : केली कुणी, वापरली कुणी, धुतली कुणी, गहाण कधी पडली, सोडवली कशी. म्हातारी माणसं सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत. आपल्या वस्तू उरल्या नसतील तिथं, काय होतं आणि कसं संपलं, एवढं तरी उतरवायचं. जव्हार-मोखाड्याकडं ज्यांची ये-जा आहे त्यांनी त्या आयांना विचारून लिहावं. त्यांना सांगायचं असेल तरच.

आणि त्या यादीत किमतीचा रकाना आखू नका.